तीनशे कार्डांचे कोपरे

धंद्यात विश्वास ठेवावा तर कुणावर, सांगा बघू? गिऱ्हाइकावर? समोरच्या दुकानदारावर? पोस्टमनवर? का आपल्या स्वतःच्या अकलेवर?

तुम्ही हसताय, म्हणजे तुमचं उत्तर मला कळलं. मीही एके काळी तेच दिलं असतं. पण इतकी वर्षं हातात कापडाचा गज धरल्यावर माझं मत असं झालंय, की पहिल्या तिघांवर खुशाल डोळे मिटून विश्वास ठेवा. अक्कल मात्र अधूनमधून उन्हात टाकून बघा, कसर लागली आहे का. माझ्या अकलेला लागलेली मला कळली नाही, आणि भर लग्नसराईत, एका बुधवारी, आमची अख्खी गल्ली मी बंद पाडली. हरताळ नव्हता, दंगा नव्हता, कुणी पुढारी गेला नव्हता. मी एकट्यानं, नुसत्या दोन बोटांनी.

चहा निवेल तुमचा. प्या. आता काय काय झालं ते ओळीनं सांगतो, म्हणजे माझ्याबद्दल तुमचा जो काही आदर आहे तो एकदाचा निकालात निघेल.

माझं दुकान महाद्वार रोडला लागून असलेल्या गल्लीत. लुगडी, खण, धोतरं, लग्नाचे शालू. शिक्षण मराठी चौथी. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं, आणि फी माझ्याकडूनच घेतली. कापडाचं कंट्रोल होतं, सरकार देईल तेवढंच कापड विकायचं, तेव्हा धंदा करायला अक्कल लागायची नाही. कोटा आला की लोक फळ्या काढायच्या आधी रांगेत उभे. रंग कुठला, काठ कसला, कुणी विचारायचं नाही. मी टाकीन ते उचलायचं आणि वर मलाच नमस्कार करून जायचं. माणूस बिघडायला एवढं पुरे. मी गोड बोलायचं विसरलो.

मग कंट्रोल उठलं. त्याच सुमाराला समोर मोतीशेठनं दुकान टाकलं. भिंतीला माणूसभर आरसे, दारावर लाऊडस्पीकर, येईल त्याला फुकट कॅलेंडर. बायका लुगडं खांद्यावर टाकून आरशात बघायच्या आणि तिथंच पाघळायच्या. माझ्याकडं आरसा होता तो दाढीचा. कोल्हापुरात गर्दी समोरच्या अंगाला उतरते आणि या अंगाला नुसती सावली पडते, असं मला दोन वर्षं बघत बसावं लागलं.

एक गोष्ट मधेच सांगायला हवी, म्हणजे पुढचं समजेल. बायको जाऊन मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. राहायची खोली दुकानाच्या वरच. सकाळी फळ्या काढल्या की माझं तोंड उघडायचं आणि फळ्या लावल्या की मिटायचं. गिऱ्हाईक आलं नाही तर दिवसभरात माझा आवाज माझ्याच कानावर पडायचा नाही. एकदा तर चहावाल्याला “एक कप” म्हणायला गेलो आणि घशातून नुसती हवा आली. तेव्हा मोतीशेठ माझं पोट मारतोय याचं मला तितकंसं वाटत नव्हतं. एकट्या माणसाचं पोट ते केवढं? तो माझ्याशी बोलणारी माणसं पळवत होता. ती परत आणायची, एवढं एकच मला करायचं होतं.

माझ्याकडं एक वस्तू अशी होती की जी मोतीशेठच्या सात पिढ्यांना मिळाली नसती. कंट्रोलची वही. त्या वेळी प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव, घरात माणसं किती, सगळं लिहून घ्यावं लागायचं. लोक ती वही कंट्रोल उठल्यावर बंबात घालून मोकळे झाले. मी ठेवली. नुसती ठेवली नाही, तर प्रत्येक नावापुढं आठवेल ते लिहीत गेलो. ‘पाटील, जयसिंगपूरच्या बाजूला. वहिनींना हिरवा रंग, काठ रुंद. दोन लेकी, धाकटीचं व्हायचंय.’ ‘इचलकरंजीचे माग चालवणारे नवराबायको. कापड बोटानं चोळून बघतात, फसवायला जाऊ नये.’ असं. दुपारी दुकान रिकामं असलं की मी ती वही वाचत बसायचो. कुणी पोथी वाचतं, मी गिऱ्हाइकं वाचायचो.

त्या वहीत एक नाव माझ्या थोरल्या बहिणीचंही होतं. अक्का, कुरुंदवाड. पुढं लिहिलेलं, ‘जांभळा रंग. बोलत नाही.’

का बोलत नाही, तर चूक माझी. तिच्या लेकीचं लग्न निघालं. मुलीला बोहल्यावर आणून उभं करायचं तर मामा हवा. आणि सख्खा मामा मी एकटाच. नेमका त्याच दिवशी कापडाचा कोटा यायचा होता. मी हिशेब केला. लग्नाला मामा कुणीही होईल, कोटा घ्यायला मात्र मीच लागणार. म्हणून मी उत्तमातला उत्तम शालू बांधला आणि एका ओळखीच्या माणसाबरोबर धाडून दिला. भर मांडवात मामाच्या जागी पुडकं पोचलं. दूरचा कुणी चुलत मामा उभा करून त्यांनी वेळ निभावली. शालू चौथ्या दिवशी, सुतळीची गाठही न सोडता, माझ्याकडं परत आला. आणि मी काय केलं? तो पुढच्या आठवड्यात विकला. तेव्हापासून पाच वर्षं अक्काचा शब्द नाही.

असो. वही वाचता वाचता एक दिवस मला सुचलं. मोतीशेठ रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांना ओरडून बोलावतो ना? आपण ओरडायचं नाही. आपण प्रत्येकाला त्याच्या नावानं, त्याच्या घरात जाऊन बोलवायचं. पोस्टकार्ड! लाऊडस्पीकर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो, कार्ड इचलकरंजीपर्यंत जातं. मजकूर ठरवला, ‘आमच्या मानाच्या गिऱ्हाइकास सप्रेम नमस्कार. लग्नसराईचा ताजा माल आला आहे. येताना हे कार्ड सोबत आणावे. कार्ड आणणाऱ्यास एक खण भेट.’

आता अक्कल बघा कशी चालते. मनात आलं, मोतीशेठ खोटी कार्डं काढून माझे खण लुटील. मग ओळख काय ठेवायची? मी कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात श्री घातला, त्याच्याखाली वहीतला नंबर टाकला आणि तो कोपरा हातानं फाडून घेतला. फाट अशी न्यायची की अर्धा नंबर कार्डावर राहील आणि अर्धा माझ्याकडं. हातानं फाडलेला कागद दुसऱ्या कशालाही जुळत नाही. गिऱ्हाईक कार्ड घेऊन आलं, की आपण डब्यातला कोपरा काढायचा, लावून बघायचा, जुळला की खण. सरकारी टांकसाळीत झाली नसती अशी युक्ती!

कप खाली ठेवलात तुम्ही. कळलं ना? तुम्हाला एका क्षणात कळलं. मला तीनशे कार्डं फाडून होईपर्यंत कळलं नाही.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, हे आपल्याकडं पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. असं कार्ड पोस्टमन घरात टाकत नाही, उंबऱ्याबाहेरून हाक मारून देतो. घरात कुणी ठेवत नाही. कुणाकडून आलं तेवढं बघायचं, पुढचं वाचलं न वाचलं, फाडायचं आणि आंघोळीला पळायचं. हे सगळं मलाही ठाऊक होतं हो. पण माझ्या नावानं कार्ड येऊन किती वर्षं झाली होती! साधं आलं नव्हतं, कोपरा फाडलेलं कुठून येणार? आणि बायको गेली तेव्हा कार्डं शेजाऱ्यांनी लिहिली, कोपरे त्यांनीच फाडले. मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो.

खरं सांगू? ते पंधरा दिवस माझे फार सुखात गेले. दुपारभर कार्डं लिहायची. मजकूर संपला की खाली जागा उरायची, तिथं मी आपलं काहीतरी घालायचो. पाटलांना, ‘धाकटीचं कुठे जमलं का?’ इचलकरंजीला, ‘माग बरे चालले असतील.’ कुणाच्या म्हशीची चौकशी, कुणाच्या गुडघ्याची. जाहिरात आपली वरच्या अंगाला, खाली माझ्या गप्पा. कुणी उत्तर देईल असं काही वाटत नव्हतं, पण लिहिताना समोर माणूस बसल्यासारखं वाटायचं.

अक्काचं कार्ड शेवटी घेतलं. दोन दिवस ते कोरंच पुढ्यात. चुकलो म्हणून लिहावं, तर कार्ड उघडं, पोस्टमनपासून सगळे वाचणार. अक्काला वाचता येत नाही, म्हणजे कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणार. शेवटी काही सुचेना तेव्हा तोच मजकूर उतरवला. ‘आमच्या मानाच्या गिऱ्हाइकास.’ खाली जागा उरली ती तशीच सोडली. कोपरा फाडला, डब्यात टाकला.

शनिवारी गठ्ठा घेऊन पोस्टात गेलो. खिडकीवरचा कारकून एरवी वसकन अंगावर येणारा माणूस. त्यानं गठ्ठ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चक्क उभा राहिला. रांगेतल्या लोकांना हातानं बाजूला करून माझा गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला. खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या मनगटावर ठेवला आणि धीर धरा म्हणाला. मला वाटलं, मोतीशेठनं माझं काय केलंय हे पोस्टापर्यंत पोचलेलं दिसतं. बाहेर येताना छाती फुगली. तीनशे कार्डं टाकणाऱ्या व्यापाऱ्याचा मान असतो तो असा, म्हटलं.

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी कुणी आलं नाही. मी डब्यातले कोपरे नंबरानं लावून ठेवले, खणांचे गठ्ठे सोडून ठेवले, बैठकीवर धुतलेली चादर घातली.

बुधवारी सकाळच्या गाडीनं पाटील आणि पाटलीणबाई आले.

मी उठून “या पाटील, या वहिनी” म्हणालो. ते काही बोलले नाहीत. पाटलांनी चपला बाहेरच काढल्या, भिंतीशी जाऊन टेकले आणि जमिनीकडं बघत बसले. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी चहा मागवतो म्हटलं, तर पाटलांनी नुसता हात हलवला, नको. मी कार्डात विचारलं होतं ना, धाकटीचं जमलं का? मोडलं असणार. मोडलेल्या लग्नाचं दुःख घेऊन माणसं माझ्याकडं आली. इतकी माया! मीही मान खाली घालून त्यांच्यासमोर गप्प बसलो. ते माझं दुःख वाटून घेत होते आणि मी त्यांचं. अर्धा तास.

तेवढ्यात इचलकरंजीचं जोडपं आलं. मागावरची पाळी बुडवून आलेलं. तेही गप्प, तेही भिंतीशी. मग शिरोळकडची एक म्हातारी, मग आणखी चार, मग आठ. प्रत्येकजण दारातून आत बघायचा, आत माणसं मुक्यानं बसलेली दिसायची, की त्याचाही चेहरा पडायचा आणि तो जागा बघून टेकायचा. दहाच्या सुमाराला माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि एक माणूस बोलत नव्हता. मोतीशेठच्या दुकानात आयुष्यात इतकी गर्दी झाली नसेल. पण ही कसली गर्दी? भाव विचारत नाहीत, चहा घेत नाहीत, कार्ड दाखवत नाहीत. दोघे-तिघे तर मधेच उठले आणि “येतो” सुद्धा न म्हणता निघून गेले.

तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, विचारायचं होतंस. पण दुःखाच्या घरी कोण काय विचारतो? मी विचारलं नाही, कारण मला वाटलं त्यांच्याकडं काहीतरी झालंय. त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना ठाऊक होतं माझ्याकडं झालंय. कोण गेलं हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. पाटलांना वाटायचं इचलकरंजीवाल्यांना माहीत असेल, इचलकरंजीवाल्यांना वाटायचं पाटलांना. बरेचसे घरून निघाले ते मीच गेलो असं धरून. इथं येऊन बघतात तर मी समोर बसलेला, म्हणजे दुसरं कुणीतरी असणार.

माझ्यातल्या व्यापाऱ्यानं तेवढ्यात उचल खाल्ली. म्हटलं, माणसं लाजताहेत. माल दिसल्याशिवाय जीभ सुटायची नाही. मी उठलो आणि लालभडक शालू काढून त्या सगळ्यांच्या मधोमध फडकन उलगडला. वहिनींनी “अगं बया” म्हणून तोंडावर हात घेतला. मला वाटलं माल आवडला. मग पदर नीट दिसावा म्हणून मी तो स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि जरा वळून दाखवला. मोतीशेठकडं आरसा होता, माझ्याकडं मी होतो.

पाटील तेव्हा पहिल्यांदा बोलले.

“दत्तोबा, ठेवा ते बाजूला. आज न्हवं.”

“आज नाही तर कधी पाटील? पुढं मुहूर्त आहेत की.”

पाटलांनी शेजाऱ्याकडं बघून मान हलवली. डोसक्यावर परिणाम झालाय, एकटा माणूस, किती सोसणार, असं काहीसं ते पुटपुटल्याचं मला ऐकू आलं. म्हातारीनं पुढं येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगतो, पाठीवर हात फिरून सहा वर्षं झाली होती. मी शालूचा पदर तसाच धरून उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मग सगळेच रडायला लागले.

समोरचा लाऊडस्पीकर बंद झाला. बघतो तर मोतीशेठ त्याच्या दुकानाच्या फळ्या लावतोय. फळ्या लावून हात जोडत आला आणि माझ्याशेजारी चादरीवर टेकला. आपला वैरी शरण आला असं मला वाटलं. मी त्याला जागा करून दिली. मोतीशेठनं बंद केलं म्हणून भांडीवाल्यानं केलं, भांडीवाल्यानं केलं म्हणून सोनारानं केलं. बघता बघता गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद. लग्नसराईतला बुधवार, आणि सगळीकडं अशी शांतता की पलीकडच्या रस्त्यावरच्या टांग्याच्या टापा ऐकू याव्यात.

त्या शांततेत गल्लीच्या तोंडाला हंबरडा ऐकू आला.

आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. लहानपणी याच आवाजानं मला विहिरीवरून परत बोलावलं जायचं. माणसं उठून वाट देत गेली, आणि त्या वाटेनं अक्का आली. पाच वर्षांत पिकलेली, कुरुंदवाडच्या पहिल्या एसटीतून उतरून धावत आलेली. “माझ्या दत्त्या रं,” म्हणत उंबऱ्यात कोसळणार, तोच तिनं वर बघितलं. मी समोर उभा. खांद्यावर नवरीचा शालू.

अक्कानं मला शालूसकट वरपासून खालपर्यंत बघितलं. मग जवळ आली आणि तिनं मला फाडकन एक मुस्काटात दिली. नंतर तोच गाल चाचपून बघितला, ऊन आहे का ते.

“तू मेलायस न्हवं?”

“नाही अक्का.”

“मग कोण मेलंय?”

सगळ्या दुकानानं माना पुढं काढल्या. हाच प्रश्न सकाळपासून पन्नासेक माणसं गिळून बसली होती.

“कोणच नाही,” मी म्हणालो.

तिनं कनवटीतून चौघडी केलेलं कार्ड काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. “मग ह्यो काय? ह्यो कोपरा कुठं हाय?”

“तो माझ्याकडं आहे की,” मी म्हणालो, आणि मोठ्या हौसेनं डबा उचलून झाकण काढलं. “ही युक्ती आहे. असा जुळवायचा, आणि मग खण…”

एवढं बोललो आणि माझी नजर त्या डब्यात गेली. तीनशे कोपरे. तीनशे श्री माझ्या डब्यात, आणि जिल्हाभर घराघरांत बिनश्रीची, कोपरा फाडलेली कार्डं. पोस्टातला कारकून का उभा राहिला, पाटलांनी चहा का नको म्हटला, मोतीशेठनं फळ्या का लावल्या, सगळं एकदम अंगावर आलं. तुमच्यावर कधी भिंत पडली आहे का? माझ्यावर पडली आणि मी तिच्याखाली शालू पांघरून उभा होतो.

पहिल्यांदा पाटील बोलले, आणि फार शांतपणे बोलले. “म्हंजे आमच्या म्हातारीनं तिन्हीसांजंला गार पाण्यानं आंघुळ केली, ती खणासाठी व्हय?”

मोतीशेठ फस्सकन हसला. मग इचलकरंजीची बाई हसली, मग सगळेच. पोटं धरून हसले. पाटील म्हणाले, आता खण काढा. मी सवयीनं म्हणून गेलो की कार्ड दाखवा. कार्ड कुणाकडं असणार? सगळ्यांनी उंबऱ्यावरच फाडलेलं. त्यावर पुन्हा हशा.

आणि मग आलोच आहोत, गाडीभाडं गेलंच आहे, तर बस्ता बांधूनच जाऊ असं सगळ्यांनी ठरवलं. इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, बुवाचं नशीब फळफळलं. कसलं! मोतीशेठ टुणकन उठला, धावत जाऊन त्यानं फळ्या काढल्या आणि लाऊडस्पीकर लावला. निम्मी माणसं तिकडं गेली. माझ्या टपालानं, माझ्या मरणानं आलेली माणसं त्याच्या आरशात लुगडी लावून बघत होती. पाटीलसुद्धा. वहिनी म्हणाल्या, इथं त्या लाल शालूकडं बघवत नाही हो.

दुपारी दुकान रिकामं झालं. अक्का तेवढी बसून होती. मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

“सगळ्यांनी फाडलं, तू कसं नाही फाडलंस?” मी विचारलं.

“पाच वर्सांनी तुझ्या दुकानाचं कार्ड आलं, पोस्टमननं सांगितलं. फाडू कसं?” ती म्हणाली. “वाचून बी न्हाय घेतलं कुणाकडनं. कोपरा बघितला, आन् तशीच निघालो. आता तूच वाच.”

मी कार्ड हातात घेतलं. ‘आमच्या मानाच्या गिऱ्हाइकास.’ त्याच्याखाली ताजा माल, त्याच्याखाली खण, आणि त्याच्याखाली ती मोकळी जागा. मी आयुष्यभर कच्चा रंग पक्का म्हणून विकत आलेला माणूस. घसा साफ केला आणि वाचायला लागलो. “अक्का, माझं चुकलं. पोरीच्या मांडवात मी उभं राहायला हवं होतं. शालू धाडला, स्वतः आलो नाही. तुझ्याशिवाय मला आता कुणी नाही. तुझा दत्तू.”

संपल्यावर अक्कानं विचारलं, “आन् खण?”

“कसला खण?”

“आत्ता समद्यांस्नी सांगत होतास न्हवं? समद्या कार्डांवर खण लिवलाय म्हणून. माझ्यावर न्हाय?”

तिनं माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं, चौघडी केली, कनवटीला लावलं.

“खोटं वाचलंस,” ती म्हणाली. “पर बरं वाचलंस. आता जांभळा काढ.”

मी कार्ड तिच्याकडून परत मागून घेतलं आणि डब्यातून तिचा कोपरा शोधून लावून बघितला. बरोबर जुळला. तीनशे कार्डांतलं परत आलेलं ते एकच. जांभळा खण घेऊन ती चारच्या एसटीनं गेली. मी गाडीपर्यंत पोचवायला गेलो तर म्हणाली, दुकान उघडं टाकून कशाला आलास, गिऱ्हाईक यायचं. टोमणा होता का काळजी, मला अजून कळलेलं नाही.

आता त्या कार्डावर मुदत घालायची मी विसरलो होतो. धंद्यातली माझी दुसरी चूक. त्यामुळं अक्का दर लग्नसराईला तेच कार्ड घेऊन येते, हक्कानं जांभळा खण मागते, मी कोपरा लावून बघतो, देतो. दुपारी जेवते, चारची गाडी पकडते. वर्षातला तेवढा एक दिवस. दर खेपेला मी ठरवतो, या वर्षी तिला एक धड कार्ड लिहायचं, तिला जे वाचून दाखवलं तेच लिहायचं. श्री मधोमध घालतो, कोपरे चारी शाबूत. आणि ‘अक्का’ एवढं लिहिलं की हात थांबतो. गिऱ्हाइकांना मी आता वर्षाला पाचशे कार्डं धाडतो, त्यांच्या म्हशींसकट सगळ्यांची विचारपूस असते. हे एक काही होत नाही.

तुम्ही नवं दुकान टाकताय, गिऱ्हाईक टिकवायचं कसं म्हणून विचारायला आलात. वही ठेवा, नावं लिहा, आवडीनिवडी लिहा, कार्डं पाठवा. फायदा होतो, मी झालेला बघितला आहे. पण घरच्या माणसांची नावं त्या वहीत घालू नका. त्यांच्यासाठी वेगळं पान काढा, आपण कुणाकडं गेलो नाही ते त्यात मांडा, आणि तेवढा एक हिशेब, हात जोडून सांगतो, खरा ठेवा.